सिंहगड, सायकल आणि तो टेकलेला पाय

धापाराव

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा. वय ४६, वजन ७८, नोकरी दिवसभर खुर्चीत. सायकल घेऊन दीड वर्ष झालं, आणि आमची मजल म्हणजे खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत जायचं, कणीस खायचं आणि भरल्या पोटानं परत. मग ऑफिसातल्या एका पोरानं सहज विचारलं, काका सिंहगड झाला का? ते 'झाला का' डोक्यात जे बसलं ते बसलंच, जसं काही गोवराची लस झाली का असं विचारावं.

तर मागच्या रविवारी पहाटे पाचला निघालो. धरणाच्या भिंतीशी उजाडलं, डोणज्याला चहा टाळला (चूक), गोळेवाडीचा नाका पार केला आणि घाट लागला. तिथून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किमी, चढाई सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी साडेसहा टक्के. कागदावर साडेसहा टक्के म्हणजे काहीच वाटत नाही, बँकसुद्धा एफडीवर देते. पण हा साडेसहा टक्के कुठे चार असतो आणि कुठे वळणाच्या आतल्या बाजूला एकदम अकरा-बारा, आणि तिथे सायकल नुसती उभी राहते हो, पेडल खाली जातच नाही, कानात आपलंच हृदय ऐकू येतं आणि पुढच्या चाकाखालची खडी एकेक मोजता येते.

कोंढणपूर फाट्याच्या आसपास जरा श्वास मिळाला. वाटलं, झालंच की. तर खरा घाट माझ्यासाठी तिथून पुढे सुरू झाला. एका वळणावर एक मावशी झोपडीवजा स्टॉल लावत होत्या, खराट्यानं झाडत होत्या, बरोबर त्यांच्यासमोर माझी मांडी धरली आणि मी पाय टेकला. धाप एवढी की बोलता येईना. मावशी म्हणाल्या, "दादा, पंक्चर झाली का?"

आणि मी हो म्हणालो.

का म्हणालो माहीत नाही. दम लागला म्हणायला काय जात होतं? तर मावशी भल्या, म्हणाल्या "थांबा, माझा पोरगा पंप घेऊन येतो," आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी फोन लावलासुद्धा. आता पोरगा येणार आणि टायर टणटणीत. मग मी काय केलं असेल? मावशी आत वळल्या तशी मागच्या चाकाची हवा सोडली. नखानं. फुस्स्स्. खरं सांगतो, आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती, कॉलेजात कॉपी करताना पण नाही.

पोरगा आला, चौदा-पंधराचा, हातात आपला साध्या सायकलचा पंप. तो माझ्या प्रेस्टा वॉल्वला (रोड बाईकचा बारीक वॉल्व) बसेना. म्हणजे आता खोटं पंक्चर आणि खरी गेलेली हवा. मग माझ्या पिशवीतला वीतभर मिनी पंप काढला आणि बसलो मारत, दोनशे-अडीचशे स्ट्रोक झाले असतील, चढावर जेवढी मेहनत झाली नाही तेवढी तिथे. पोरगा शेजारी उकिडवा बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, पंक्चर न्हाईये ही. हवा थांबतीय की."

त्यानंतर वर पोचलो, पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं, फोटो काढला. सोमवारी ऑफिसात त्या पोराला सांगितलं, झाला. तो म्हणाला, "एका दमात?"

तर प्रश्न असा. पाय टेकला तर सिंहगड 'चढलो' म्हणायचं का?

खवचट_पेठकर

नाही.

(हवा सोडल्याबद्दल वेगळा दंड. ह. घ्या.)

दोन_पेडल

हसून मेलो 😂 नखानं फुस्स्स्!!

बाकी काका चढलात तुम्ही, टेन्शन नका घेऊ. गाडीत बसून वर जाणारे 'सिंहगडला गेलो' म्हणतातच ना.

खवचट_पेठकर

ते 'गेलो' म्हणतात, 'चढलो' म्हणत नाहीत. भाषेत फरक आहे, आणि तो का आहे याचा विचार करा.

वाईची_पोर

धापाराव, मस्त लिहिलंय. माझं माहेर वाई, त्यामुळे पसरणी घाट म्हणजे घरचा जिना. वाई सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेला टेकलेली, म्हणजे चढाई तुमच्या सिंहगडाएवढीच भरते पण अंतर जास्त आणि उतार एकसारखा, अचानक कुठे तोंडावर येत नाही. एकदा लय सापडली की खाली कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी बघत बघत जाता येतं. म्हणून नव्या लोकांना मी सांगते आधी पसरणी करा, मग सिंहगड. सिंहगड लय लागूच देत नाही, लागली म्हणेपर्यंत वळण येतं आणि मोडते.

पाय टेकण्याबद्दल माझा नियम सांगते. पाणी प्यायला, फोटोला, माकडांना वाट द्यायला टेकला तर चालतो. दम लागून टेकला तर नाही चालत. पण खोटं बोलून टेकला तर काय, याला माझ्याकडे नियम नाही, तुम्ही पहिलेच.

आळशी_अभियंता

जरा हिशोब मांडतो. तुम्ही ७८, सायकल ११ धरू, पाणी-पिशवी २, एकूण ९१ किलो. ते सहाशे मीटर वर उचलायचं म्हणजे साधारण ५३५ किलोज्यूल. शरीराची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के असते, त्यामुळे खाल्लेल्या अन्नातून जवळपास तेवढ्याच, म्हणजे पाचशे-साडेपाचशे किलोकॅलरी जातात. वरती पिठलं-भाकरी आणि दही खाल्लंत तिथे हिशोब बरोबरीत सुटला.

८० मिनिटांत चढायचं तर सरासरी ११० वॉट नुसते गुरुत्वाकर्षणाला द्यावे लागतात, ६० मिनिटांत चढायचं तर १५०. रस्त्याचं घर्षण वेगळं. चढावर वेग कमी असल्यानं वाऱ्याचा भाग जवळजवळ नाहीच, म्हणून सपाटीवर पुढच्याच्या मागे लपून जाण्याचा जो फायदा मिळतो तो इथे मिळत नाही. घाटात प्रत्येक जण एकटा.

आणि ते जे लोक दोन किलो हलकी सायकल घ्यायला पन्नास-साठ हजार जास्त घालतात ना, त्यांना ८० मिनिटांच्या चढात पावणेदोन मिनिटं वाचतात. धापाराव, दोन किलो पोट कमी केलंत तरी तेच. फुकट.

गिअर काय आहेत तुमचे ते सांगा.

धापाराव

अभियंता, पोटाचा विषय इथे काढायचा नव्हता, बायको हा धागा वाचते.

पुढे ५०/३४ दातांची चक्रं, मागे ११ ते २८ दातांची. रोड बाईक आहे.

आळशी_अभियंता

मग बरोबर आहे हो! तुमची मांडी नाही धरली, तुमचा गिअर संपला. ३४ ला २८ म्हणजे मिनिटाला साठ पेडल मारायचे तर ताशी नऊच्या वर वेग ठेवावाच लागतो, आणि दहा टक्के चढावर त्या वेगाला तुमच्या वजनाला २३० वॉट लागतात. ते तुमच्याकडे दोन मिनिटं असतील, दहा मिनिटं नसतील. मग पेडल मंदावतात, चाळीस, पस्तीस, सगळा भार गुडघ्यावर आणि मांडीवर. मागे ३४ दाताची कॅसेट (मागच्या चाकावरचा चक्रांचा संच) टाका, त्याच साठ पेडलला साडेसात वेग, १९० च्या आत काम होतं. फक्त मागचा डिरेलर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) ३४ घेतो का ते बघून घ्या, सगळे घेत नाहीत.

ठाण्याचा_ठोंब्या

कॅसेट बदलाल तर एक अनुभव. मी ठाण्यात एका दुकानात बदलून घेतली, त्यांनी डिरेलरचा एल स्क्रू (चेनला स्पोककडे जाण्यापासून अडवणारा) नीट लावलाच नाही, स्टँडवर फिरवून दाखवलं सगळं छान, आणि दुसऱ्या दिवशी येऊरच्या चढावर सगळ्यात मोठ्या दातावर टाकली तर चेन सरळ कॅसेट ओलांडून स्पोकमध्ये. कच्च्कन आवाज, चाक जाम, मी आडवा. वेग सहाचा होता म्हणून कोपरावर भागलं, दोन स्पोक गेले. तर नवी कॅसेट टाकल्यावर घराजवळच्या बारक्या चढावर सगळे गिअर भार देऊन तपासा, मगच घाटात जा. स्टँडवर फिरणारी चेन आणि अंगाच्या वजनाखालची चेन यात फार फरक असतो.

दुसरं म्हणजे गिअर आधी टाका. वळण दिसलं की टाका. चढात अडकल्यावर जोरात पेडल दाबत दाबत गिअर बदलायचा प्रयत्न केला की कडकड वाजणार आणि चेन उतरणार.

जुनाट_ॲटलस

तुम्हा सर्वांचं वाचून गंमत वाटली. मी ६८ वर्षांचा आहे, सदाशिव पेठेत वाढलो. ७४-७५ साली आम्ही चार मित्र सिंहगडला सायकलनं जायचो म्हणजे पायथ्याच्या आतकरवाडीपर्यंत, तिथे कुणाच्या तरी अंगणात सायकली लावायच्या, घरातल्या बाईंना सांगायचं लक्ष ठेवा, आणि पायवाटेनं वर. सायकली वीस-बावीस किलोच्या, गिअर एकच, तोही देवानं दिलेला. माझी तर वडिलांची होती, त्यांच्या आधी काकांची.

कात्रजचा घाट मात्र सायकलवर केला, खेड शिवापूरला आत्याकडे जायचो. आणि त्यात 'पाय टेकणे' हा प्रकारच नव्हता हो. चढ आला की जमेल तेवढं उभं राहून मारायचं, मग उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं, गप्पा मारत. जुन्या बोगद्याशी पोचलो की पाणी प्यायचं. किती चाललो आणि किती चालवली हे कुणी विचारलं नाही. आत्यानंही नाही. सायकल आत्याकडे पोचायला होती.

ट्रकची साखळी धरून पण चढलोय दोनदा, ते मात्र कुणी करू नका, एका मित्राचा हात कायमचा वाकडा झाला.

दोन_पेडल

काका दंडवत 🙏 सिंगल स्पीडवर कात्रज!

ग्रनोबलकर

जुनाट काकांना +१००. मी सध्या फ्रान्समध्ये ग्रनोबलला आहे, इथून तासाभरावर आल्प द्युएझचा घाट, टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीमुळे प्रसिद्ध असलेला. १३.८ किमी, सरासरी आठ टक्के, २१ वळणं. आणि प्रत्येक वळणावर नंबराची पाटी आहे, खाली २१, मग २०, १९ असं उलटं मोजत जायचं, पाटीवर तिथे जिंकलेल्यांची नावं. ऐकायला गोड वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या दोन-तीन किमीतच सगळ्यात वाईट चढ आहे, तुम्ही जीव तोंडात घेऊन वर बघता आणि पाटीवर १८. अजून १८! मी आठव्या वळणावर पाय टेकला, शेजारून सत्तरीच्या एक आजीबाई 'बोंजूर' म्हणत गेल्या. इलेक्ट्रिक होती का ते बघितलं मी. नव्हती.

आता खवचट यांच्यासाठी थोडा इतिहास. टूरमध्ये पिरेनीज डोंगरातले मोठे घाट पहिल्यांदा आले १९१० साली, कच्चे रस्ते, एक गिअर. त्या वर्षी ओक्ताव्ह लापीझ नावाच्या स्वारानं चढात काही ठिकाणी चक्क सायकल ढकलत नेली आणि आयोजकांना तोंडावर खुनी म्हणाला, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. ती टूर जिंकली कुणी? लापीझनं. आणि डिरेलरला परवानगी मिळाली थेट १९३७ ला, तोवर घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचं, उलटं फिरवून बसवायचं, दुसऱ्या बाजूला मोठ्या दाताचं चक्र असायचं. म्हणजे सगळेच पाय टेकत होते.

खवचट_पेठकर

ग्रनोबलकर, लापीझनं ढकलली, मान्य. पण त्याला कुणी विचारलं असतं तर तो पंक्चर म्हणाला नसता, शिव्या घालून दम लागला म्हणाला असता. माझा आक्षेप पायाला कधीच नव्हता.

वाईची_पोर

ओहो, खवचट एकदम मुद्द्याचं बोलले, तारीख लिहून ठेवा.

नागपुरी_संत्रं

अबे पण आमचं काय? तुमच्याकडे दारातून निघालं की घाट. आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल आणि सेमिनरी हिल्स, दोन्ही सुरू होईपर्यंत संपते. मी आठवड्यातून दोनदा एकच पूल वीस-बावीस वेळा चढतो, खालचा चहावाला मले विचारते काय हरवलं का भाऊ 😀 पण आमच्या नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ ला अमेरिकेची आडवी शर्यत, रॅम, एकट्यानं पूर्ण केली, तर पुलावरचा सराव वाया जात नाही असं मानून चाललो आहो.

आळशी_अभियंता

संत्रंभाऊ, जगात 'एव्हरेस्टिंग' म्हणून प्रकार आहे, एकाच चढावर परत परत चढून एकूण ८८४८ मीटर करायचे. सिंहगडावर पंधरा फेऱ्या लागतील. तुमचा पूल सात मीटरचा धरला तर बाराशेच्या वर. चहावाल्याला कल्पना देऊन ठेवा.

मीठसाखर

डॉक्टर नाही, पण पंधरा वर्षं चालवतेय. मांडीत गोळा येतो तो बहुतेकदा नाक्यापासूनच्या पहिल्या दोन किमीत जास्त जोर लावल्यामुळे. ताज्या पायांनी सगळे तिथे उडतात. साधी खूण सांगते, पहिल्या अर्ध्या चढात शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर मोठ्यानं पाढे म्हणा. तेरा चोक बावन्नला अडकलात तर गिअर कमी करा. (पाढाच येत नसेल तर मग वेगळी अडचण.)

घरून निघताना काहीतरी खाऊन निघा, केळं किंवा दोन राजगिऱ्याच्या वड्या. पाण्यात लिंबू-मीठ-साखर. आणि घोट घोट आधीपासून, तहान लागल्यावर नाही.

आणि उतारावर बोला ना कुणीतरी! चढताना सगळे दमतात, पडतात मात्र उतरताना. सिंहगड उतरताना ब्रेक धरून ठेवू नका, रिम तापते, वळणाच्या आधी दाबा आणि वळणात सोडा. रविवारी नऊनंतर वर येणाऱ्या गाड्या वळणं कापून तुमच्या अंगावर येतात, चढावर बंद पडलेल्या मागे घरंगळतात. साडेआठच्या आत खाली.

धापाराव

धागा तीन आठवड्यांनी वर काढतोय, अपडेट द्यायला.

कॅसेट बदलली. डिरेलर ३४ घेत नव्हता, मग तोही बदलला, खर्च विचारू नका (बायको अजूनही वाचते). ठोंब्या यांचं ऐकून आधी बाणेरच्या टेकडीकडचा चढ चार वेळा करून गिअर तपासले. मीठसाखर ताईंचं ऐकून नाक्यापासून तेराचा पाढा म्हणत गेलो, मागून आलेले दोघं तरुण 'काका बरे आहात ना' विचारून गेले.

पण काय सांगू, फरक जमीन-अस्मानाचा. वेग सहा-सात, माणूस पळत ओव्हरटेक करेल असा, पण पाय फिरत होते. गेल्या वेळी दिसलंच नव्हतं ते सगळं दिसलं, एका बाजूला खडकवासल्याचं पाणी, दरीत धुक्याचा थर, कड्यावर टॉवरचा लाल दिवा. एका जागी एवढी शांतता की चेनचं तेल कमी पडलंय ते ऐकू आलं. फाटा झाला. फाट्यानंतरचं पहिलं उभं वळण झालं, जीभ बाहेर होती पण झालं. आणि मला आतून कळलं की आज होणार, ते जे कळणं असतं ना, छातीत एकदम जागा झाल्यासारखं, ते खडकवासल्याच्या सपाट रस्त्यावर दीड वर्षात एकदाही कळलं नव्हतं.

मग मावशींचं वळण आलं. मावशी स्टॉलवर होत्या, पोरगाही होता. मी मान खाली घालून पेडल मारतोय, तेवढ्यात पोरगा ओरडला, "आई, पंक्चरवाले काका!" आणि मावशी हात कपाळाशी नेऊन बघत म्हणतात, "दादा, आज हवा हाय का?"

मला हसू आलं. आणि चढावर हसता येत नाही मंडळी, हे कुणीच सांगितलं नव्हतं, छातीतली सगळी हवा एकदम बाहेर जाते आणि आत काही येतच नाही. पन्नास मीटर कसेबसे ओढले आणि पाय टेकला. हँडलवर डोकं ठेवून हसत होतो, पोरगा पळत आला, म्हणाला, "काय झालं काका?" म्हटलं, दम लागला रे. पोरगा म्हणाला, "मागच्या टायमाला बी तेच झालतं ना?"

म्हटलं हो.

सायकल फिरवून स्टॉलवर गेलो, ताक प्यायलं, मग वर. नाक्यापासून १ तास २४ मिनिटं, ताकासकट.

दोन_पेडल

😂😂😂 पंक्चरवाले काका!! आयडी बदला आता.

ठाण्याचा_ठोंब्या

त्यांना आधीपासून माहीत होतं तर!

खवचट_पेठकर

वाईच्या पोरीच्या नियमात हसून टेकलेला पाय बसतो का? तिनेच सांगावं.

वाईची_पोर

मी विचार करतेय. सायकल फिरवून खाली ताकाला गेले म्हणजे ते पन्नास मीटर दोनदा चढले, हे पण धरायला हवं.

जुनाट_ॲटलस

ताक कितीला मिळालं?

धापाराव

काका, पैसे घेतलेच नाहीत. मग मी पोराला प्रेस्टाचं अडॅप्टर नेऊन द्यायचं कबूल केलंय, दहा-वीस रुपयाला मिळतं, पितळी. त्याच्या पंपाला बसेल, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

येत्या रविवारी परत जातोय. पाच वाजता राजाराम पुलाशी. ज्यांना यायचंय त्यांनी पुढचा-मागचा लाईट आणा, धायरी फाट्यापर्यंत अंधार असतो.

खवचट_पेठकर

येतो. माझी सायकल पाच वर्षं पार्किंगमध्ये उभी आहे, हवा भरावी लागेल.